ट्रीटमेंट संपल्यावरची वर्षं: हे वयाचं, मनाचं की गोळीचं?

ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असते तेव्हा सगळं ठरलेलं असतं, किमो कधी, रेडिएशन कधी, रक्त तपासायला कधी द्यायचं, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात बरोबर कोण येणार, घरी जेवण कोण करणार. ती संपली की हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढची तारीख पडते आणि घरचे, शेजारचे, नात्यातले सगळे म्हणतात सुटलीस बाय एकदाची. आपल्यालाही तेच म्हणावंसं वाटतं. पण साधारण त्याच सुमाराला गुडघे धरायला लागतात, मध्यरात्री घामाने गाऊन भिजतो, हात जड होतो, काही कारण नसताना रडू येतं, आणि कुणाला सांगितलं तर उत्तरं ठरलेली, वय झालं गं, किंवा मनाला लावून घेऊ नको, किंवा जगलीस ना मग झालं तर.

मी फोंड्याकडची, ट्रीटमेंट होऊन बरीच वर्षं झाली, कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हॉर्मोन रोखणारी गोळी अजून चालू आहे. डॉक्टर नाही, पण ओपीडीच्या बाकावर बसून बसून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण हे एका जागी मराठीत कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की या वर्षांत जे काही दुखतं खुपतं ते कुठून येतंय हे आधी शोधायचं. वयातून, मनातून, गोळीतून, की ऑपरेशनच्या जागेतून. कारण झोप येत नाही म्हणून तुम्ही स्तोत्रं ऐकत बसलात आणि झोप मोडतेय ती गोळीच्या घामाने, तर स्तोत्राचा काय दोष.

पहिलं काम, एक वही

साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, काय झालं, किती वेळ, त्या दिवशी काय काम केलं होतं, झोप कशी होती, बस्स. रोज नाही लिहिलं तरी चालेल, त्रास झाला की लिहा. दोनेक महिन्यांत स्वतःलाच दिसायला लागतं, की सांधे दुखायला लागले ते गोळी बदलल्यापासून, किंवा हात सुजतो तो कपडे धुतले त्या दिवशी. आणि मनाचं पण लिहा, आज चिडले, आज रडले, कारण ते पण लक्षणच आहे, ताप लिहितो तसं ते लिहायचं.

ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ किती असतो ते तुम्हाला माहीत आहे, बाहेर अर्धा गोवा बसलेला असतो. म्हणून आदल्या रात्री वहीतून तीन प्रश्न काढायचे आणि सगळ्यात महत्त्वाचा पहिला विचारायचा. आपल्या बायका काय करतात, दहा मिनिटं सगळं ठीक आहे डॉक्टर म्हणतात आणि दारातून बाहेर पडताना म्हणतात, हां ते जरा रक्त जातं अधूनमधून. ते आधी सांगायचं!

गोळीबद्दल नीट समजून घ्या

ज्यांचा कॅन्सर हॉर्मोनवर वाढणारा होता त्यांना पाच वर्षं, काहींना दहा वर्षं सुद्धा गोळी असते. दोन जाती आहेत ढोबळमानाने. एक टॅमोक्सिफेन, जी पाळी चालू असलेल्यांना पण देतात. दुसरी लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन यांची, ती पाळी गेलेल्यांना, किंवा इंजेक्शन वगैरे देऊन अंडाशयाचं काम बंद केलेल्यांना. आपली कुठली आहे ते पाठ असलं पाहिजे, कारण दोन्हीचे त्रास वेगळे.

टॅमोक्सिफेनवर अंगातून वाफा आल्यासारखं होतं, पांढरं जातं, आणि क्वचित गर्भाशयाच्या आतल्या थराचा त्रास होऊ शकतो. म्हणून पाळी बंद झालेल्या बाईला एक थेंब जरी रक्त दिसलं तरी उष्णता झाली म्हणून कोकम पीत बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. दुसरं, रक्ताची गुठळी. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक दम लागला छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी. हे क्वचितच होतं, पण माहीत असलेलं बरं.

दुसऱ्या जातीच्या गोळ्यांवर असलेल्यांचं, मी त्यांना लेट्रोझोलवाल्या म्हणते, दुखणं म्हणजे सांधे. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, जिना उतरताना आजीसारखं होतं, आणि इथेच सगळे म्हणतात वय झालं. नाही, ही गोळी इस्ट्रोजेन जवळजवळ संपवते त्यामुळे होतं ते. गंमत म्हणजे यावर आराम हा उपाय नाहीच, व्यायाम आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ साली एक अभ्यास छापला, त्यात ह्याच गोळ्यांवर असलेल्या बायकांनी आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा वजनाचे व्यायाम असं वर्षभर केलं तर सांधेदुखी बरीच कमी झाली. पहिले दोन आठवडे शिव्या द्याल, मग फरक कळेल. तरी नाहीच सोसलं तर डॉक्टर त्याच जातीतली दुसरी गोळी देऊन बघतात, किंवा मध्ये थोडे दिवस थांबवून बघतात. पण ते त्यांनी ठरवायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि बंद केली असेल तर लपवायची नाही. मला माहीत आहे कितीतरी जणी एक दिवसाआड घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, घाबरतात ओरडतील म्हणून. ओरडू देत. खरं कळलं तर काहीतरी मार्ग निघतो.

घामाचं सांगते. गोव्यात मे महिन्यात सगळ्यांनाच घाम येतो त्यामुळे आपला घाम कुठला आणि हवेचा कुठला हेच कळत नाही. गोळीचा घाम छातीतून वर चढतो, तोंड लाल होतं, दोन चार मिनिटांत जातो आणि मग थंडी वाजते. रात्री सुती गाऊन, उशाशी एक कोरडा गाऊन आणि टॉवेल, पंखा पायाकडून, रात्री तिखट आणि चहा कमी. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडे औषधं आहेत त्यावर, हॉर्मोन नसलेली. मात्र एक लक्षात ठेवा, टॅमोक्सिफेन चालू असेल आणि दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने झोपेसाठी मूडसाठी काही दिलं तर टॅमोक्सिफेन चालू आहे हे सांगा, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्या टॅमोक्सिफेनला शरीरात नीट काम करू देत नाहीत. तसंच शतावरी आणि बायकांची म्हणून मिळणारी टॉनिकं. झाडपाला आहे काही होत नाही असं नसतं, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि ज्या तरुण आहेत त्यांच्यासाठी, किमोत पाळी गेली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही, आणि टॅमोक्सिफेनवर दिवस राहणं बाळासाठी धोक्याचं. हॉर्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्याला चालत नाहीत, कंडोम किंवा कॉपर टी. मूल हवं असेल तर तेही आधी बोला, आता काही जणींना दीड दोन वर्षं गोळी झाल्यावर मध्ये ब्रेक देऊन मूल होऊ देतात आणि मग परत सुरू करतात, पण डॉक्टरांच्या प्लॅनने.

हात

काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, काढल्या असतील तर त्या बाजूचा हात आयुष्यभर जरा जपायचा. सगळ्या गाठी काढलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकीला हाताला सूज येते, एक दोनच गाठी तपासायला काढलेल्यांना बरीच कमी. ती लगेच येत नाही नेहमी, वर्षांनी सुद्धा येते, म्हणून आता काय होणार असं धरून चालू नका.

कसं ओळखायचं? अंगठी घट्ट, बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही एकाच बाजूला रुतते, हात जड. महिन्यातून एकदा शिवणाची टेप घ्या, मनगट, कोपराखाली, कोपरावर, दोन्ही हात मोजा आणि वहीत लिहा. दोन सेंटिमीटरचा फरक दिसला किंवा वाढत चालला तर फिजिओथेरपीत दाखवा. सुरुवातीला पकडली तर ती आटोक्यात येते, नंतर कठीण जातं. लघवी होण्याच्या गोळ्या ह्या सुजेवर उपयोगाच्या नाहीत, कुणी दिल्या तर विचारा कशाला. यावर खास मसाज असतो हलक्या हाताचा, बँडेज आणि स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची घट्ट बाही. मसाज म्हणजे गावातल्या बाईकडून तेल लावून रगडून घेणं नाही हां, त्याने उलट वाढते. स्लीव्ह मापाची हवी, दिवसा घालायची रात्री काढायची, आणि आपल्या दमट हवेत एक धुवून दुसरी घालता येईल अशा दोन असलेल्या बऱ्या.

आता गोव्यातल्या बाईचा हात दिवसभर कशात असतो बघा. आदोळीवर नारळ खोवणं, मासे साफ करणं, तिसऱ्या शिनाणे असले शिंपले उघडणं, कुळागरात किंवा परसात काटेकुटे, पावसात भाताची लावणी. प्रत्येक ठिकाणी कापतं, टोचतं, आणि त्या हाताला जंतू लागले तर आवरत नाही. म्हणून रबरी ग्लोव्हज घाला, लोक हसतील हसू देत. बांगड्याचा काटा टोचला तर साबणाने धुवून अँटिसेप्टिक लावा. हात लाल झाला, गरम झाला, ताप थंडी आली तर त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक लागतं, हळदीचा लेप लावून दोन दिवस काढायचे नाहीत. पावसाळ्यात चिखलात काम करणारणींना लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती वेगळीच, त्यामुळे हातमोजे आणि गमबूट दोन्ही.

पण जपायचा म्हणजे बांधून ठेवायचा नाही. हे फार चुकीचं सांगतात लोक, की त्या हाताने आता काही उचलू नकोस. उलट हळूहळू वाढवत नेलेला वजनाचा व्यायाम सूज वाढवत नाही हे अमेरिकेतल्या अभ्यासात २००९ सालीच दिसलं, ज्यांना सूज होती त्यांच्या तक्रारी उलट कमी झाल्या. अर्धा किलोपासून सुरू करा, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते, फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या आणि हळू वाढवा. आणि भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम, जो ऑपरेशननंतर शिकवतात आणि सहा महिन्यांनी सगळ्या सोडून देतात, तो सोडू नका. रेडिएशनने कातडी आणि आतले स्नायू पुढची काही वर्षं आखडत राहतात. दोरीवर कपडे वाळत घालताना त्या हाताने घाला, व्यायामच तो.

फुगडीचं विचारतात बऱ्याच जणी. चवथीला फुगडी घालायची नाही म्हणजे काय, पण हात ताणून जोरात गरगर फिरायची फुगडी एकदम नको, खांदा पूर्ण वर जायला लागला आणि फिजिओने हो म्हटलं की मग. त्याआधी धालो चालतील, त्यात झोका नसतो, पुढे मागे पावलं आणि गाणं. खरं सांगायचं तर चवथीत हात सुजतो तो फुगडीने नाही, नेवऱ्या लाटून, भांडी घासून आणि घर झाडून पुसून सुजतो. ती कामं वाटून द्या. सुनेला, जावेला, आणि घरातल्या पुरुषांना पण, माटोळी बांधतात तशी भांडी पण घासता येतात त्यांना.

काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिर राहतं, ते बहुतेकांना राहतंच. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. किमोने पायाची बोटं बधिर झाली असतील तर पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात खूप जपून, पकड असलेली चप्पल घाला, कारण पडलो आणि हाड मोडलं तर नवीनच प्रकरण.

हाडं आणि खाणं

लेट्रोझोलवर हाडं ठिसूळ होतात आणि ती मोडेपर्यंत काही कळत नाही. डेक्सा नावाची हाडांची तपासणी सुरुवातीला आणि मग दर एक दोन वर्षांनी होते, तुमची झाली का विचारा. दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, जेवणातलं धरून. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, म्हणजे आपलं नाचणीचं तिझान हे काही गरिबाचं खाणं नाही. काट्यासकट खाता येतील असे बारीक तारले, दूध दही, तीळ. कमी पडलं तर गोळी, आणि ड जीवनसत्त्व रक्तात तपासून. हाडांसाठी सहा महिन्यांनी लावायचं इंजेक्शन सांगितलं तर त्याआधी दात दाखवून घ्या, कारण ते चालू असताना दात काढला तर जबड्याला त्रास होऊ शकतो.

बाकी खाण्यात फार भीती नको. साखर कॅन्सरला पोसते, हे सोडा ते सोडा असं व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतं, त्यातलं बरंचसं मी वाचून सोडून देते. वजन वाढू द्यायचं नाही हे मात्र खरं, आणि गोळ्यांवर ते वाढतं. सोलकढी, हुमण, उकड्या तांदळाचं जेवण सगळं खा, भाताचा ढीग जरा लहान. चोरिस कधीतरी. आणि दारूचं स्पष्ट सांगते, थोडी घेतली तरी ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो हे सिद्ध झालेलं आहे, उर्राक काजूचा म्हणून त्याला सूट नाही.

चालण्यासाठी देवळाचं आवार, शेताचा बांध, पणजीकडे असाल तर मिरामार. पावसाचे चार महिने पडवीत फेऱ्या मारा. थकवा असेल तर जास्तच चाला, उलटं वाटतं पण किमोनंतरच्या थकव्यावर झोपून राहण्यापेक्षा चालण्याने जास्त फरक पडतो. अर्थात आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ बघून घ्या. आणि ट्रीटमेंटमध्ये डोक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब ही औषधं मिळाली असतील तर दम लागणं, पाय सुजणं हे हार्टचं असू शकतं, ते वयावर ढकलू नका, इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करायला सांगतील.

भीती

ही जात नाही. कमी होते, पण जात नाही, आणि जात नाही म्हणजे आपण कमकुवत असं काही नाही. डोकं दुखलं की मेंदूत गेला, कंबर दुखली की हाडात गेला. मी यावर एक नियम धरलाय जो अनेक ठिकाणी डॉक्टर सांगतात, नवीन दुखणं दोन आठवडे टिकलं किंवा वाढत गेलं तर दाखवायचं, तोपर्यंत वहीत लिहून ठेवायचं. लिहिलं की निम्मं डोक्यातून उतरतं. काही गोष्टींना दोन आठवडे नाहीत, लगेच दाखवायचं, जसं की नवीन गाठ, ऑपरेशनच्या जागी पुरळ किंवा फोड, दम लागणं, कावीळ, फिट येणं, पायातली ताकद जाणं. रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं आणि कारण नसताना उतरणारं वजन हे पण वहीत फार दिवस ठेवू नका.

तपासण्यांचं गणित समजून घ्या म्हणजे पैसे पण वाचतील. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, चौथ्या पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा. मॅमोग्राम वर्षातून एकदा, राहिलेल्या स्तनाचा. त्रास काही नसताना पेट स्कॅन, ट्यूमर मार्करची रक्ततपासणी हे दरवेळी करा असं जगभरचे तज्ज्ञ सांगत नाहीत, कारण त्याने आयुष्य वाढत नाही, फक्त खोटे अलार्म आणि जागरणं वाढतात. लॅबवाले पॅकेजमध्ये मार्कर टाकतात, नंबर थोडा वर आला की बाई महिनाभर जेवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर करा, स्वतःहून नको.

पाच वर्षं झाली की संपलं असं लोक म्हणतात. खरं काय ते आपल्या प्रकारावर आहे. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हॉर्मोन आणि हर-टू दोन्हीवर न वाढणारा कॅन्सर, त्यांचा परत येण्याचा धोका बराचसा पहिल्या काही वर्षांत असतो आणि मग खूप उतरतो. हॉर्मोनवाल्यांचा कमी कमी पण लांबपर्यंत, वीस वर्षांपर्यंत सुद्धा राहतो, आणि म्हणूनच ती गोळी इतकी वर्षं. हे वाचून घाबरायला होईल पण मला तरी ते कळल्यावर गोळी गिळणं सोपं झालं.

मॅमोग्रामच्या आधीचा आठवडा वाईट असतो हे धरूनच चाला. त्या आठवड्यात मोठे निर्णय नको, भांडणं नको, शक्यतो सकाळची वेळ घ्या, रिपोर्ट मोबाईलवर आला तर रात्री एकटीने उघडू नका, आणि तो गूगलला वाचायला देऊ नका. कौल घ्यायचा असेल तर घ्या, मी पण घेते, देवीने उजवा दिला की जीव हलका होतो. पण उजवा कौल मिळाला म्हणून मॅमोग्राम पुढे ढकलणाऱ्या बायका आहेत, ते मला पटत नाही, देवीने तपासणी करू नको असं कधी सांगितलं?

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. किमोच्या वेळी बाजूच्या बेडवर असलेली बाई, जिच्याबरोबर आपण डबा वाटून खाल्ला, ती गेल्याचं पेपरातल्या फोटोवरून कळतं. ते दुःख वेगळं असतं, त्यात मी कशी राहिले हेही असतं आणि आता माझा नंबर हेही. तिचा आजार आणि आपला आजार एक नव्हता, नाव एक होतं, स्टेज वेगळी, प्रकार वेगळा. भेटायला जावंसं वाटलं तर तिच्या घरी जा, नाही झेपलं तर नका जाऊ, त्यावरून स्वतःला टोचत बसू नका.

मन उतरलं तर

रडू येणं, चिडणं, नावं विसरणं हे बऱ्याच जणींना होतं, किमोचं धुकं काही महिन्यांत, कधी वर्षाने विरळ होतं, तोवर यादी करा आणि किल्ल्यांची जागा एकच ठेवा. पण दोन आठवडे सलग काहीच करावंसं वाटत नाही, आवडीच्या गोष्टीत पण जीव रमत नाही, झोप भूक गेली, मेले असते तर बरं असं वाटतं, तर ते नुसतं मनाला लावून घेणं नाही, डिप्रेशन आहे आणि त्याला उपचार आहेत. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास. बांबोळीलाच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आयपीएचबी, तिथे जायला लाजायचं कारण नाही, पण आपल्याकडे अजून लोक त्या गेटपाशी तोंड लपवतात.

गोव्यातच झालेलं एक काम सांगण्यासारखं आहे. १९९६ साली विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संगत संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या पेशंटना मदत करून बघितली, आणि ती देणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. २०१७ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, लोकांना खरंच फरक पडला होता. त्यातली युक्ती साधी आहे, मूड येईपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटं काहीतरी करायचं, मूड मागून येतो. म्हणजे आज फक्त अबोलीचा गजरा करायचा. उद्या वाड्यावरच्या एकीकडे दहा मिनिटं जाऊन यायचं. हे ठरवून वहीत लिहायचं आणि केलं की खूण करायची. घरी सुरू करता येतं, पण जास्त खाली गेलं असेल तर एकटीने नको, आणि गोळी दिली तर ती घ्यायची.

शरीर, ब्लाउज आणि नवरा

स्तन काढला असेल तर रिकाम्या बाजूने वजन जातं आणि खांदा पाठ वाकडी होते, म्हणून नुसतं दिसण्यासाठी नाही तर तोलासाठी पण प्रोस्थेसिस, म्हणजे ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन, बरं असतं. सिलिकॉनचं महाग पण वजनाला खरं. घरी कापसाचं करून आत वजनाला मोहरी भरतात काही जणी, चालतं, पण पावसात त्याला बुरशी धरते, कव्हर काढून धुता येईल असं शिवा आणि मोहरी बदलत राहा. शिवणकाम करणाऱ्या ओळखीच्या बाईकडून ब्लाउजला आणि ब्राला आतून खिसा शिवून घ्या, गळा जरा वर. आणि काहीच घालायचं नसेल तर नका घालू, घरात तर मुळीच नको, मे महिन्यात कोण ते सगळं बांधून बसेल.

नवऱ्याशी जवळीक हा विषय ओपीडीत कुणी काढत नाही म्हणून आपणच काढायचा. गोळीने खाली कोरडेपणा येतो, दुखतं, मग आपण टाळतो, मग तो समजतो हिला नको, आणि तो टाळतो ते हिला दुखेल म्हणून, आणि दोघं गप्प. सांगून टाका की हे गोळीमुळे होतंय. पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं. खोबरेल वापरतात बऱ्याच जणी पण त्याने कंडोम फाटतो. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र विचारल्याशिवाय नको, खास करून लेट्रोझोलवर असाल तर.

मुली आणि बहिणी

सगळे ब्रेस्ट कॅन्सर घराण्यातून येत नाहीत, दहातला एखादाच तसा असतो. पण तुम्हाला तरुणपणी झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा घरात कुणाला अंडाशयाचा झाला असेल तर जनुकाची तपासणी करायची का हे विचारा, कारण त्यावरून मुलीचं आणि बहिणीचं काय करायचं ते ठरतं. आरोग्य केंद्रांत २०२१ पासून स्वस्थ महिला स्वस्थ गोवा या मोहिमेत बायकांची स्तनतपासणी झाली, पण घराण्यात आजार असलेल्या मुलीला तेवढ्यावर थांबता येत नाही, तिला मॅमोग्राम किंवा एमआरआय कधीपासून करायचा ते डॉक्टर ठरवतील. मुलीला हे सांगताना रडत सांगू नका, दात दाखवायला सांगतो तसं सांगा.

फाइल आणि प्रवास

शेवटी कागद. बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचा, किमोत काय काय दिलं त्याची नावं, रेडिएशनचा सारांश, हे चार कागद म्हणजे आपली जन्मपत्रिका, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला लागतात. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या खणात नको, बुरशी आणि वाळवी दोन्ही लागतात, आणि मोबाईलवर फोटो काढून मुलाला किंवा भावाला पाठवून ठेवा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड रिन्यू करत राहा. ज्यांचा फॉलोअप मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात असतो त्यांना रेल्वेत तपासणीसाठी जाताना पण सवलत मिळते, स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, बरोबरच्या माणसालाही सवलत आहे. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, ते मागच्या खेपेलाच मागून घ्या, थिवीच्या किंवा मडगावच्या खिडकीवर जाऊन आठवून उपयोग नाही.